वखार आणि तिच्यातल्या मांजरांची निरवानिरव

लिहून ठेवणार: धनकुंवरबाई सुवालाल टाटिया, वय चौऱ्याहत्तर, धंदा घरकाम (सगळीकडे असेच लिहितात म्हणून), राहणार दाणाबाजार, अमळनेर, जिल्हा जळगाव. माहेर धुळ्याचे.

वर नाव लिहिलेली मी हा कागद माझ्या स्वतःच्या मनाने करत आहे. मला कोणी बसवून लिहायला लावलेले नाही, कोणी भीती घातलेली नाही, आणि कोणी गोड बोलूनही घेतलेले नाही. माझ्याशी गोड बोलायची सवय आमच्या घरात कोणाला नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात गेले तर किती उरतात ते विचारले. दाण्याच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्म काढलेल्या बाईला हा दुसरा प्रश्न विचारायला नको होता, पण त्यांचे काम त्यांनी केले.

मला सांगण्यासारखा आजार नाही. मी थकले आहे. वकीलसाहेब म्हणाले, थकवा मृत्युपत्रात लिहिण्याची रीत नाही. मी म्हणाले, आता लिहा. गुडघे थकले, डोळे थकले, आणि तेच तेच समजावून सांगून तोंड सर्वांत जास्त थकले. म्हणून हे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा सांगावे लागणार नाही.

घर, दागिने आणि ठेव यांच्यासाठी या कागदाची गरज नव्हती. माझा मुलगा अखिल आणि मुलगी प्रियल ही दोघे भांडणारी पोरे नाहीत. हा कागद मी घरामागच्या वखारीसाठी करते आहे. माझ्या पश्चात वखार विकली जाईल, घेणारा आधी तिच्यातली मांजरे हटवा म्हणेल, आणि ती पोत्यात घालून पूर्वीसारखी बोरी नदीच्या पलीकडे सोडली जातील, ही मला धास्ती आहे. तसे होऊ नये एवढ्यासाठी बाकीचे सगळे लिहिते आहे.

आणखी एक आधीच सांगून टाकते. बाजारात मला मांजरवाली म्हणतात. मला मांजरे आवडत नाहीत. ती पापडांवर बसतात, वर उपकार केल्यासारखी बघतात. एकही मांजर मी कधी मांडीवर घेतलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने रद्द समजावे. का रद्द केले ते वखारीच्या कलमात येईल.

कलम १. राहते घर. दाणाबाजारातील दोन मजली राहते घर माझा मुलगा अखिल याला द्यावे. तो पुण्यात असतो, दर रविवारी फोन करतो, आणि आई जेवलीस का हे विचारून लगेच वखारीचा विषय काढतो. मुलगा वाईट नाही. त्याला फक्त रिकामी जागा बघवत नाही. वडिलांवर गेला आहे. वरच्या मजल्याचा पत्रा गळतो, तो आधी बदलावा आणि मग रंगाचा विचार करावा. उलटे करू नये.

कलम २. दागिने. माझा चंद्रहार, पाटल्या व कानातले प्रियलला द्यावे. तिला दोंडाईच्याला दिली आहे. मांजर दिसले तर ती पलंगावर चढते, म्हणून तिच्यावर दुसरी जबाबदारी टाकत नाही. फक्त या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी, कारण नाही म्हणायची वेळ आली तर घरात तिलाच नाही म्हणता येते. माझे शिवणयंत्र तिच्या मुलीला, जिनलला द्यावे. यंत्र जुने आहे, पायाने चालते, तेल मागते. जिनलने ते शोभेला ठेवू नये. त्यावर शिवावे.

कलम ३. ठेव. पतसंस्थेतील ठेव मोडू नये. तिच्या व्याजातून मांजरांचे दूध आणि जनावरांच्या डॉक्टरबाईंच्या औषधांचा खर्च भागतो. माझ्यामागे पंधरा वर्षांनी, मांजरी उरोत वा न उरोत, ठेव अखिल आणि प्रियल यांनी सारखी वाटून घ्यावी. त्यासाठी घाई करू नये.

कलम ४. द्रौपदाबाई. द्रौपदाबाई माझ्याकडे तीस-पस्तीस वर्षे आहे. आली तेव्हा वखारीत सांडलेले धान्य झाडून, पाखडून पोत्यात भरायचे काम करायची. आता धान्य नाही, पण ती आहे. परसातली खोली तिने हयातभर वापरावी, तिला कोणी उठवू नये. माझे लोखंडी कपाटही तिला द्यावे, आतल्या लुगड्यांसकट.

मांजर धरायचे हातमोजेही तिचेच. डॉक्टरबाईंनी कातड्याचे आणायला सांगितले होते. आमच्या घरात कातडे येत नाही, म्हणून मी गोणपाट आणि जुन्या गोधडीचे पदर एकावर एक घालून शिवले. एका बोक्याने तेही फोडून मनगटाला चावा घेतला आणि मी सरकारी दवाखान्यात सुया टोचून घेतल्या. रांगेत कुत्रा चावलेली माणसे होती. मांजर चावलेली मी एकटी, त्यामुळे माझ्याकडे बघून सगळ्यांचे दुःख जरा हलके झाले. त्यानंतर द्रौपदाबाईने मोजे माझ्या हातातून ओढून घेतले. म्हणाली, "अक्का, तुम्हना हात माळ जपाना शे. आन इकडे." तेव्हापासून धरायचे काम तिचे आहे.

कलम ५. पिंजरे, आणि ते का केले. धरणगावच्या वेल्डरकडून करून घेतलेले जाळीचे पिंजरे डॉ. संघमित्रा सुरवाडे यांच्या मालकीचे राहतील. मांजरांसाठी लागतील तोवर ते वखारीतच ठेवावेत. डॉक्टरबाई मूळच्या पहूरच्या, दवाखाना धरणगावला. त्यांची माझी ओळख कशी झाली ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

वखारीत दादर ज्वारी, बाजरी, मूग, उडदाच्या थप्प्या लागायच्या. धान्य तिथे उंदीर. आम्ही स्थानकवासी जैन. उंदराला औषध घालणे नाही, सापळा लावणे नाही. म्हणून सासऱ्यांनी मांजरी पाळल्या. पाळल्या म्हणजे हाकलल्या नाहीत. उंदीर मांजर मारायची, आम्ही कोणालाच मारत नव्हतो, आणि सगळ्यांना शांत झोप लागायची. पुढे व्यापार मार्केट यार्डात गेला, वखार रिकामी झाली, उंदीर कमी झाले. मांजरी राहिल्या. वर्षातून दोन-तीनदा त्या व्यायच्या. पिल्ले डोळे उघडून फिरू लागली की घरातले पुरुष हमालाला सांगायचे, आणि झिपरू हमाल पोते सायकलला लावून बोरीपलीकडे जायचा. याला आमच्याकडे "सोडून येणे" म्हणत. मारणे म्हणत नसत.

एकदा मी धरणगावहून रिक्षाने येत होते. नदीच्या त्या बाजूला पोते पडलेले दिसले, आमच्याच पेढीचा शिक्का असलेले. पोत्याजवळ कुत्री होती. मी रिक्षा थांबवली नाही, थांबवून काही उरले नव्हते. घरी येऊन झिपरूला विचारले. तो बिचारा घाबरला. "काकी, मी काय मारी नही टाकं. सोडी उनू. तठे त्यासनं नशीब." तो खोटे बोलत नव्हता. आमचे सगळे घरच तसे बोलत आले होते. त्या रात्री मी जेवले नाही आणि कोणी का म्हणून विचारलेही नाही.

यजमान गेल्यावर वखारीच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या, तेव्हा पहिले काम हे केले. धरणगावला जनावरांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्याचे कळले, तिथे गेले. म्हणाले, मांजरींना पोरे होणार नाहीत असे काही करता येते का? त्या म्हणाल्या, "करता येतं, काकू. पण एकदोन करून उपयोग नाही. जागेवरच्या सगळ्या करायच्या, आणि करून पुन्हा तिथंच सोडायच्या. त्यांना हलवलंत तर जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेत दुसऱ्या येतात." एवढे सोपे होते. आमच्या तीन पिढ्यांनी पोती वाहिली.

मी विचारले, दुखते का? त्या म्हणाल्या, भूल दिलेली असते, दोन दिवस अंग दुखेल. मग त्यांनी मलाच विचारले, विताना दुखत नाही का? मी तीन बाळंतपणे केली आणि त्यातले एक मूल गेले. मी पिंजऱ्यांचे किती पडतील ते विचारले.

अडचण धरण्याची होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, पिंजऱ्यात सुकट लावा, एका संध्याकाळी सगळ्या येतील. आमच्या वखारीत सुकट! भिंतीवरच्या तसबिरीतून सासूबाई खाली उतरल्या असत्या. आमच्याकडे लावायला होती ती दूध-भाकरी, आणि पोट भरलेली मांजर दूध-भाकरीसाठी पिंजऱ्यात जात नाही. तेव्हा मला चौदस सुचली. चौदशीला माझा उपवास असतो, शेजारी माझे दीर प्रेमचंदभाऊ यांचाही असतो. दोन्ही घरांत चूल पेटत नाही, खरकटे पडत नाही, मांजरांना दिवसभर काही मिळत नाही. संध्याकाळी भुकेल्या मांजरी दूध-भाकरीच्या वासाने मुकाट आत जातात. वासापुरता तुकडा, जास्त नाही. रात्रभर उपाशी राहतात, आणि भूल द्यायला पोट रिकामेच लागते. सकाळी डॉक्टरबाई येतात, वखारीच्या पुढच्या पेढीवर शस्त्रक्रिया करतात, भुलीतच डाव्या कानाचे टोक कापतात, म्हणजे झालेली मांजर लांबून ओळखू येते. पिसाळू नये म्हणून लसही देतात. तेव्हापासून आमच्याकडे चौदशीला माणसांबरोबर मांजरांचाही उपवास असतो. हे मी गमतीने सर्वांना सांगत असे. ही गंमत पुढे महागात पडली.

कलम ६. जीवदया फंड. आमच्या संघाच्या जीवदया फंडाला मी या कागदाने काहीही ठेवत नाही. प्रथा मोडते आहे, माहीत आहे. कारण देते.

पहिल्याच वर्षी एका चौदशीनंतरच्या सकाळी, शस्त्रक्रियेच्या मेजावर एक कबरी मांजर भुलीत उलटी करून गुदमरली आणि मेली. डॉक्टरबाईंनी तिला उलटी धरून, तोंडात बोट घालून, छाती दाबून फार प्रयत्न केले. मग हात धुतले आणि मला विचारले, "काकू, सकाळी कोणी दूध पाजलं होतं का?" मी म्हणाले नाही, कारण मला माहीत नव्हते.

गोष्ट त्याच दिवशी बाजारात फिरली. संध्याकाळी आमच्या धर्मस्थानकात फंडाच्या एका पदाधिकाऱ्याने (नाव घालत नाही, त्यांना नावाची हौस आहे) सर्वांदेखत म्हटले, "जीव द्यावा तर कोणाच्या हातात द्यावा, याचा तरी विचार करायचा. त्या लोकांना काय, मारलं काय आणि जगवलं काय." त्या लोकांना म्हणजे कोणाला, हे तिथल्या प्रत्येकाला कळले. डॉक्टरबाई बौद्ध आहेत. मी उठून म्हणाले, "पोत्यातून पिल्लं पाठवत होतो तेव्हा हा विचार कोणी केला होता?" मला बसवले. प्रेमचंदभाऊ पुढच्याच रांगेत बसले होते. ते काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी द्रौपदाबाईने मला सांगितले. प्रेमचंदभाऊंना ती नाना म्हणते. "अक्का, नाना सकायमां दूधनं पातेलं लई उनतात वखारमां. माले वाटनं तुम्हीच सांगेल व्हई."

तेव्हा सगळा उलगडा झाला. मी म्हणाले होते ना, मांजरांचाही उपवास आहे? भाऊंनी ते खरे धरले. आमच्याकडे उपवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पारणे असते, आणि स्वतःच्या पारण्याआधी दुसऱ्याचे पारणे करवणे हे फार मोठे पुण्य. हा माणूस उपाशीपोटी उठला, दूध कोमट केले, त्यात खडीसाखरही घातली असेल, आणि एकेका पिंजऱ्यात वाटी ठेवून मांजरांचे पारणे करवून आला. बाकीच्यांनी तोंड लावले नाही म्हणून त्या वाचल्या. कबरीने वाटी चाटून पुसून घेतली. असली चूक जगाच्या पाठीवर आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते.

चुकीचा राग मला आला नाही. राग आला तो स्थानकातल्या गप्प बसण्याचा. एक वाक्य बोलले असते तर एका कष्टाळू बाईच्या अंगाला लागलेला शब्द पुसला गेला असता. मी डॉक्टरबाईंना जाऊन खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं, काकू. दुधाचा वास येत होता. नाव घेऊन काय करू? पुढच्या वेळी वखारीला कुलूप लावा." त्यांनी चहा दिला. मी तो घेतला.

म्हणून हे इथे साक्षीदारांसमोर नोंदवते: ती मांजर डॉ. संघमित्रा सुरवाडे यांच्या हाताने मेली नाही. आमच्या घरच्या दुधाने मेली. यापुढे कोणी वेगळे बोलल्यास त्याला हे कलम वाचून दाखवावे. ज्या फंडाच्या बैठकीत हे वाचले जाईल, त्या फंडाला पुढच्या पिढीने खुशाल देणगी द्यावी.

कलम ७. वखार. मालमत्तेचे वर्णन: दाणाबाजारातील पत्र्याची वखार, पुढच्या पेढीसह. ही मिळकत यजमानांनी करांच्या सोयीसाठी माझ्या नावावर घेतली होती. त्या वेळी बायकोच्या नावाचा असा काही उपयोग होईल असे त्यांना वाटले नसावे. चतुःसीमा: पूर्वेस बाजाराची गल्ली. दक्षिणेस बंद पडलेली तेलघाणी. पश्चिमेस गटार, जिच्यावर फरशी टाकणार असे मी सून म्हणून आले तेव्हापासून ऐकते आहे. उत्तरेस दीर प्रेमचंद यांचे घर व अंगण. मधली भिंत सामाईक असून तिच्यावरून मांजरांची जुनी वहिवाट आहे.

वखारीत आज बारा-तेरा मांजरी आहेत, सगळ्या कान कापलेल्या, बहुतेक म्हाताऱ्या. पाच वर्षांत इथे एकही पिल्लू जन्मले नाही. पण काम संपलेले नाही. रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आत दूध-भाकरी द्यावी लागते. देताना कान बघावे लागतात. भिंतीवरून एखादी नवी, अख्ख्या कानाची येते. तिला पुढच्या चौदशीला धरली नाही तर वर्षभरात पुन्हा पिल्ले, पुन्हा पोते. काम अवघड नाही. रोजचे आहे, म्हणून कोणी करत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की शेवटची मांजर जिवंत असेपर्यंत वखार विकू नये, त्यानंतर ती अखिलने घ्यावी. मला वाटले, फार शहाणपणाचे लिहिले. मग अखिल दर रविवारी फोनवर विचारू लागला, "आई, किती राहिल्या?" पोराच्या मनात पाप नव्हते. एक गेली की त्याच्या आवाजात नुसती हुशारी यायची. मला ती ऐकवेना. ज्याचा फायदा मांजर मरण्यात आहे त्याच्याच हाती मांजर देऊन मी चालले होते. म्हणून ते रद्द केले. अखिल, रागावू नकोस. घर तुला दिले आहे, आणि तू चांगला आहेस.

डॉक्टरबाईंना विचारले. त्या हात जोडून नको म्हणाल्या. "काकू, मी ऑपरेशन करायला कधीही येईन. पण दाणाबाजारात माझ्या नावावर वखार आली तर मांजरं राहतील बाजूला आणि माझंच भांडण सुरू होईल." त्यांचे खरे होते. संस्थेला द्यावी तर संस्था पाटी लावते, आणि पाटीला संध्याकाळी दूध घालता येत नाही. गेले वर्षभर मी याच विचारात होते. रात्री झोप नाही, दिवसा उठवत नाही. आपण मेल्यावर एका गल्लीतल्या मांजरांचे काय होईल म्हणून झुरणे हे हसण्यासारखे आहे, पण मी झुरत होते.

आता प्रेमचंदभाऊंचे. भाऊ सत्तरीचे आहेत, माझी जाऊ लवकर गेली, मूलबाळ नाही. त्यांच्या पारण्याचे ताट माझ्याकडून जाते. ती मांजर मेली तेव्हापासून एक नवीन सुरू झाले. चौदशीनंतर ज्या सकाळी वखारीत शस्त्रक्रिया असेल त्या सकाळी ताट जसेच्या तसे परत यायचे. संध्याकाळी ते भिंतीपलीकडून विचारायचे, "भाभी, उठल्या का सगळ्या?" मी उठल्या म्हटले की मग ताट मागवायचे. मला वाटले, हा निषेध आहे. आमच्यात निषेध उपाशी राहूनच करतात. मी मनात म्हणायचे, राहा उपाशी. ताटातले मूग आटून जायचे, मी ते गाईला घालायचे, आणि वर्षानुवर्षे माझा राग त्या ताटाबरोबर ताजा व्हायचा. दर संवत्सरीला, म्हणजे आमच्या क्षमा मागायच्या दिवशी, ते येऊन हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्, भाभी" म्हणायचे. मीही म्हणायचे. साऱ्या गावाला म्हणतात तसेच. दुधाचा शब्द कधी निघाला नाही.

गेल्या आषाढात एक पिवळी मांजर भुलीतून लवकर उठेना. अंग कोमट होते, श्वास चालू होता, पण डोळे उघडत नव्हते. दिवस मावळला. भिंतीपलीकडून विचारणा झाली. मी म्हणाले, एक राहिली आहे. दिवस मावळल्यावर आमच्याकडे पाण्याचा घोटही चालत नाही. म्हणजे भाऊंना दुसरा दिवसही निर्जळी घडला, नेम न घेता. ती रात्री उशिरा उठली. सकाळी सूर्य वर येतो न येतो तोच भाऊ भिंतीला धरून उभे होते. ओठ पांढरे पडलेले. "उठली का, भाभी?" एवढेच. मी म्हणाले, उठली, दूध पण प्यायली. ते तिथेच अंगणात खाली बसले आणि रडू लागले.

निषेध करणारा माणूस मांजर उठल्यावर असा रडत नाही. मला त्या क्षणी कळले, आणि तितकी वर्षे मला कळले नाही याचे फार वाईट वाटले. द्रौपदाबाईबरोबर ताट पाठवले. आम्ही टाटियांकडचे सगळे न बोलण्यात पटाईत आहोत.

सबब, दाणाबाजारातील वरील वर्णनाची वखार, पेढीसह, मी माझे दीर प्रेमचंद यांना कायम मालकी हक्काने देत आहे. कोणतीही अट घालत नाही. विकायची असेल तर त्यांनी विकावी. अडवणारी मी नसेन. पण भुकेली मांजर समोर असताना ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस मला माझ्या ओळखीत एकच सापडला, आणि तो भिंतीपलीकडे होता. त्याला फक्त कोणत्या सकाळी दूध द्यायचे नाही तेवढे सांगावे लागते.

वखार मिळाल्याचे कळताच ते नको म्हणतील. प्रियलने ऐकून घेऊ नये. कुलूप त्यांच्यासाठी लावले होते. ते आता काढून टाकावे.

भाऊ, पुढचे तुमच्यासाठी आहे. जे दहा पावलांवर येऊन सांगता आले नाही ते साक्षीदार बसवून लिहिते आहे, यावर हसा. ती मांजर तुम्ही मारली नाही. तुम्ही तिला उपाशी बघू शकला नाहीत, एवढेच झाले. माझ्याकडून ते केव्हाच माफ आहे. केव्हापासून, ते मलाही सांगता येणार नाही. पण माफी माझ्या एकटीची पुरत नाही. येत्या संवत्सरीला मी नसेन, तर माझ्या वाट्याचे एक मिच्छामि दुक्कडम् उरेल. ते घेऊन एस.टी.ने धरणगावला जा आणि डॉक्टरबाईंना समोर उभे राहून म्हणा. जमले तर स्थानकातही बोला. नाही जमले तर कलम ६ आहेच.

आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी उपाशी बसत जाऊ नका. तुमच्या वयाला ते झेपत नाही. मांजरांना संध्याकाळी द्या. तुम्ही सकाळी घ्या.

येणेप्रमाणे लिहिलेले मी वाचून घेतले, वकीलसाहेबांनी खोडलेली तीन वाक्ये पुन्हा घालून घेतली, आणि खाली सही केली.

(सही) धनकुंवरबाई सुवालाल टाटिया

आम्ही खालील साक्षीदार: धनकुंवरबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत या कागदावर सही केली आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत केली. सही करताना त्या शुद्धीत होत्या व आम्हाला नीट बसायला सांगत होत्या. या कागदाने आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: सुकदेव अभिमन पाटील, निवृत्त शिक्षक, राहणार अमळनेर. (सही)

साक्षीदार २: कमलबाई रविंद्र चौधरी, शिवणकाम, राहणार दाणाबाजार, अमळनेर. (सही)

ठिकाण: अमळनेर
दिनांक: १८ जानेवारी २०२५